हुडहुडी थांबली म्हणजे बरं वाटलं असं नव्हे

गेल्या जानेवारीत एका रविवारी रात्री चार-पाच तरुण मुलं आपल्या मित्राला धरून आमच्या कॅज्युअल्टीत घेऊन आली. मुलगा पंचविशीतला. जीभ जड, पाय लटपटत होते. तोंडाला वास नव्हता, तरी सगळ्यांच्या मनात आधी दारूच आली. सिस्टरनं थर्मामीटर लावला. ‘‘ताप नाही, सर.’’ नव्हताच. पण काचेचा नेहमीचा थर्मामीटर 94-95 अंश फॅरेनहाइटच्या खाली मोजतच नाही! ऑपरेशन थिएटरमधला प्रोब आणून पाहिलं, तर शरीराच्या आतलं तापमान 33 अंश सेल्सिअस. अंगातली जीन्स अजून ओली होती.

ही मंडळी सांदण दरी उतरून आली होती. भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावापासून सुरू होणारी ही घळ 200 फुटांहून खोल आणि जागोजागी इतकी अरुंद, की तळाशी ऊन पोचत नाही. सुरुवातीलाच गार पाण्याचे डोह लागतात, त्यातल्या एकात कंबरेपर्यंत भिजायला होतं. पुढे मोठमोठे धोंडे, मग दोरावरून उतरायचे कडे आणि शेवटी थेट कोकण.

शरीराचं तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं, की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ लागत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं उष्णता ओढून नेतं आणि सुती कपडा ते पाणी धरून ठेवतो. चालताना स्नायू उष्णता तयार करत असतात, त्यामुळे भागून जातं. घात होतो तो कड्यावर, नंबर लावून बसल्यावर. हिशेब करून पाहा: 40 जणांची तुकडी, एकच दोर, माणशी पाच मिनिटं. शेवटच्याला सव्वातीन तास सावलीत, ओल्या कपड्यांत थांबावं लागतं. शिवाय आदल्या रात्री कसाऱ्याची गाडी, जीपचा प्रवास, झोप नाही आणि पोटात दोन बिस्किटं. हुडहुडी भरायलाही इंधन लागतं.

आपल्याकडे ‘थंडीनं बोबडी वळली’ म्हणतात, ते लक्षण म्हणून अगदी अचूक आहे. जीभ अडखळते, बोटांना हार्नेसचं बक्कल लावता येत नाही, चालताना तोल जातो. मग माणूस गप्प होतो, चिडतो किंवा ‘मी ठीक आहे, मला इथंच बसू द्या’ म्हणतो. आमच्या रुग्णाचे मित्रही हेच सांगत होते, ‘‘तो थकला होता म्हणून आम्ही त्याला निवांत बसू दिलं.’’ तापमान 32 अंशांच्या आसपास उतरलं, की हुडहुडी थांबते. सोबत्यांना वाटतं, सावरला. खरं तर तेव्हा शरीराची झुंज संपत आलेली असते आणि त्यापुढे हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

अशा माणसाचे ओले कपडे आधी काढा, कोरडे चढवा, डोकं झाका, खाली सॅक किंवा दोराची वेटोळी घालून बसवा, कारण दगडही उष्णता शोषतो. नीट गिळता येत असेल तर गरम गोड चहा, गूळ, राजगिऱ्याचा लाडू द्या. हातपाय चोळू नका. काखेत, छातीशी ऊब द्या. ब्रँडी तर नकोच. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावून ऊब वाटते आणि आतली उष्णता आणखी निघून जाते. (हा सल्ला द्यायला प्रत्येक ग्रुपमध्ये एक काका असतातच.) हुडहुडी थांबून गुंगी येत असेल, तर त्याला चालवू नका. आडवा ठेवा, हलक्या हातानं हलवा आणि रुग्णालयात न्या.

आमचा रुग्ण ब्लँकेट आणि कोमट सलाइनवर पहाटेपर्यंत शुद्धीत नीट बोलू लागला. सॅकमध्ये त्याची कोरडी ट्रॅकपँट घडी न मोडलेली होती. का बदलली नाहीस, विचारलं. म्हणाला, ‘‘पुढे पुन्हा भिजायचंच होतं ना, म्हणून घरी जाताना घालायला ठेवली होती.’’