नौका पाहावी घेऊन

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले जुने लोक सांगून गेले. ज्याने ही म्हण केली त्याच्या घरात जुनी शिडाची नौका विकत घेण्याची हुक्की कुणाला आली नसावी. नाहीतर म्हणीला तिसरे कलम जोडल्यावाचून तो राहिला नसता.

आमचे बिऱ्हाड खांदेश्वरला. बेलापूरहून निघालेली लोकल पनवेलच्या आधी शेवटची जिथे थांबते, ते हे स्टेशन. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. गॅलरीत तुळस, कपडे धुण्याचे यंत्र आणि मुलीची सायकल, जिच्यावर ती आता बसत नाही. त्यामुळे गेल्या नवरात्रात एके रात्री जेवताना ह्यांनी “एक नौका पाहून ठेवली आहे” असे सांगितले, तेव्हा माझा पहिला प्रश्न साहजिकच संसारी बाईचा होता.

“ठेवायची कुठे?”

“पाण्यात.”

उत्तर बिनतोड होते. खांदेश्वराच्या देवळालगतच्या तळ्यात ती सोडायची नाही एवढे मलाही कळत होते. मांडव्याच्या बाजूला नांगरून ठेवता येईल, असे ह्यांना कुणीसे सांगितले होते.

“आणि आत्ता आहे कुठे?”

“कोचीला.”

मी वाढता वाढता थांबले. माझी मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, “आई, बाबांना भात वाढ. ते अजून किंमत सांगायचे आहेत.”

किंमत सहा लाख. त्यातले निम्मे ह्यांच्या भविष्य निर्वाह निधीतून काढायचे आणि निम्मे मुलीच्या नावे ठेवलेली मुदत ठेव मोडून. ती ठेव तिच्या पुढच्या शिक्षणाची. “दोन वर्षांत भरून काढीन,” असे हे म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता म्हणाले.

माझे यजमान व्यवसायाने इंजिनिअर. दहा वर्षे व्यापारी जहाजांवर काढली, आता न्हावाशेव्याच्या बंदरात नोकरी. पण जहाजावरचा इंजिनिअर हा इंजिनाचा माणूस. वाऱ्याशी त्याचा संबंध डेकवर हवा खायला येण्यापुरता. शिडाचे वेड ह्यांना त्याच्याही आधीचे. शाळेत असताना वर्तमानपत्रातून कापलेले एक चित्र ह्यांनी कंपासपेटीच्या झाकणात चिकटवले होते. ते ‘तृष्णा’ नावाच्या नौकेचे होते. 28 सप्टेंबर 1985 रोजी ती मुंबईहून निघाली आणि 10 जानेवारी 1987 रोजी पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईलाच परत आली. अशी प्रदक्षिणा करणारी ती पहिली भारतीय शिडाची नौका. वर लष्कराच्या इंजिनिअर दलाचे अधिकारी होते, नेतृत्व कर्नल टी. पी. एस. चौधरी यांचे. नौका अवघी 37 फुटी, म्हणजे लोकलच्या डब्यापेक्षा पुष्कळच लहान. आणि हे मला ज्या स्वरात सांगत त्या स्वरातच सांगायचे तर, “ती नवी नव्हतीच मुळी! इंग्लंडात जाऊन घेतलेली, दुसऱ्यांनी वापरलेली. आणि समुद्रातूनच चालवत मुंबईला आणली.” एखाद्या मुलाने राजपुत्राची गोष्ट ऐकावी आणि त्यातले घोड्याचे प्रकरण तेवढे लक्षात ठेवावे, तसे ह्यांचे झाले होते. प्रदक्षिणा राहिली बाजूला, लांब जाऊन जुनी नौका आणणे तेवढे डोक्यात बसले.

लांब जावे लागते हेही खरेच. जुनी मोटार हवी तर खांदेश्वर स्टेशनबाहेर चार माणसे भेटतील. शिडाच्या नौकेचा बाजार आपल्याकडे नाही. मुंबई, गोवा, कोची, चेन्नई अशा चार-दोन ठिकाणी हौशी माणसे. त्यातल्या एखाद्याचे गुडघे दुखू लागतात, एखाद्याची मुले परदेशी जातात, तेव्हा एखादी नौका विकायला निघते. जगाच्या सफरीवर निघालेले परदेशी प्रवासी कधीकधी कोचीला कंटाळतात आणि नौका स्वस्तात द्यायला निघतात, पण तिथे सीमाशुल्काचा पेच असतो आणि स्वस्ताई त्यात बुडते. ही कोचीची नौका देशातल्याच एका निवृत्त गृहस्थांची होती. लांबी पंचवीस फूट.

सासूबाईंना वाटले होते मी भांडेन. मी भांडले नाही; दिवाळीच्या सुटीत बरोबर येते म्हटले. नाही म्हणायचे तर ते वस्तू बघून म्हणावे, असा माझा हिशेब. सासूबाई मूळ पनवेल गावच्या. पनवेल हे बंदर होते हे आज खाडीवरच्या पुलावरून जाताना कुणाला खरे वाटत नाही. पण आगगाडी येण्याआधी मुंबईचा माणूस पुण्याला निघाला की होडीने पनवेलला उतरे आणि तिथून घाटाची वाट धरी. तांदूळ, गवत, लाकूड घेऊन पडाव भरतीबरोबर सुटत. सासूबाईंच्या पणजोबांचा भाताचा व्यापार होता आणि त्यांनी एक जुना पडाव जयगडला जाऊन घेतला होता, अशी घरातली गोष्ट. बॅग भरताना त्या जवळ येऊन बसल्या.

“पणजोबांनी विसार देण्याआधी एक रात्र रिकाम्या पडावात झोपून काढली होती. पाणी कुठून येतं ते दिवसा डोळ्यांना दिसत नाही, रात्री कानांना कळतं. तुम्हीही झोपा.”

हे हसले. मी ते लक्षात ठेवले.

नेत्रावती एक्सप्रेस पनवेलहून दुपारी सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर एर्नाकुलमला पोचते. एवढा वेळ समोरासमोर बसायला मिळणे हे आमच्या वयाच्या जोडप्यांना फारसे घडत नाही. रत्नागिरीपर्यंत आम्ही पेपर वाचला. पुढे वाद घातला.

ह्यांच्याकडे दाखल्यांची वाण नव्हती. ‘सुहेली’ घ्या. बत्तीस फुटी नौका, अस्सल सागवान, बांधलेली आपल्या कुलाब्याला. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजावरचा तरुण इंग्रज अधिकारी ती घेऊन मायदेशी गेला. एकट्याने कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत निघाली, तेव्हा त्याला नवी नौका हवी होती. त्यासाठी त्याने सुहेली विकायला काढली. गिऱ्हाईक मिळाले नाही. मग तीच घेऊन तो 14 जून 1968 रोजी फाल्मथहून निघाला आणि 22 एप्रिल 1969 रोजी परत आला. निघाले होते नऊजण, पोचला तो एकटा. “बघ,” हे म्हणाले, “विकत न गेलेली नौका!”

आणि हे तर पन्नास वर्षांपूर्वीचे झाले. त्याच शर्यतीच्या धर्तीवरची शर्यत 2022 साली पुन्हा निघाली. दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन न्यूशेफर या बाईंनी आपल्या जोगी जुनी नौका शोधीत कॅनडातले न्यूफाउंडलंड गाठले, आणि एप्रिल 2023 मध्ये त्या नौकेतून ती शर्यत जिंकली. दुसरे आले आपले कमांडर अभिलाष टॉमी, दोनच दिवसांनी.

“त्या बाईंनी नौका घेतल्यावर काय केलं?” मी विचारले.

“दुरुस्ती.”

“किती दिवस?”

खिडकीबाहेर पाहत हे म्हणाले, “वर्षभर.”

मराठी शिकवणाऱ्या बाईलाही उलटतपासणी घेता येते. सुट्टीत उत्तरपत्रिका तपासण्यापेक्षा ती कमी त्रासाची.

कोचीला संध्याकाळ होत आली होती. ते गृहस्थ स्वतः रिक्षा-थांब्यावर आले होते. घर खाडीच्या काठी, मागे छोटासा धक्का आणि धक्क्याला ती. मी पुष्कळ तयारी करून आले होते. पण एक गोष्ट मी धरली नव्हती, ती म्हणजे ती सुंदर असेल. पांढरी, अंगाने निमुळती, डोलकाठी संध्याकाळच्या उजेडात. आत उतरल्यावर तर माझा पक्षच बदलला. हातभर ओटा, त्यावर दोन चुलींची शेगडी, ओट्याखाली ताटल्यांना खाचा, भिंतीतून खाली येणारे टेबल आणि त्या गृहस्थांच्या पत्नीने शिवलेले निळे पडदे. सबंध स्वयंपाकघर बसल्या जागी हाताशी! वीस वर्षांत मला कुठल्या बिल्डरने असे स्वयंपाकघर दिले नव्हते. त्या बाईंनी पिकलेल्या केळ्यांची गरम भजी आणि चहा धक्क्यावरच आणून दिला. मी मनात मांडव्याहून परत येणाऱ्या रविवारच्या संध्याकाळी मोजू लागले.

हे मात्र गप्प झाले होते. विजेरी घेऊन ते कोनाकोपऱ्यात शिरत होते. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा बोटांनी चाचपल्या. एखादा धागा तुटून वर आला असेल तर तो बोटाला आधी लागतो, डोळ्याला मागून दिसतो. शिडाची शिवण उन्हाने कुजली आहे का ते नखाने ओढून पाहिले. तळाला जड कणा ज्या बोल्टांनी धरलेला असतो त्यांच्याभोवतीचा गंज खरवडला. मग हातोडीच्या लाकडी दांड्याने डेक वाजवायला सुरुवात केली. अशा नौकांच्या डेकमध्ये फायबरचे दोन पातळ थर असतात आणि त्यांच्यामध्ये हलके लाकूड. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत झिरपले की ते लाकूड भिजून मऊ होते, वरून रंग जसाच्या तसा. बाजारात माठ घेताना आपण बोटाने वाजवून घेतो, तेच हे शास्त्र. टण, टण, टण, असा आवाज मी खाली बसून ऐकत होते. डोलकाठीच्या पायाशी तो एकदम ‘थप’ असा आला.

मी वर पाहिले. हे पुढे सरकले. टण, टण.

त्या ठिकाणी त्यांनी पुन्हा वाजवले नाही.

रात्री नौकेतच झोपू द्याल का, असे मी विचारले तेव्हा त्या गृहस्थांना गंमत वाटली; त्यांनी उशा आणून दिल्या. केरळात दिवाळीच्या दिवसांत परतीचा पाऊस असतो. दहाच्या सुमारास तो आला, विजा आणि गडगडाटासह. नौका अंग हलवीत होती, बाहेर पाणी आणि वर पाणी, आणि आत आम्ही दोघे दोन फळ्यांवर. अर्ध्या तासाने माझ्या पायावर एक थेंब पडला. मग दुसरा. हे उठले, खाचेतून एक स्टीलचा पेला काढून डोलकाठीच्या पायाखाली ठेवला. काही बोलले नाहीत. पेला वाजू लागला.

“संध्याकाळी त्या जागी तुम्ही दुसऱ्यांदा ठोकलं नाहीत,” मी म्हटले.

बराच वेळ पावसाचाच आवाज.

“आपण बाराशे किलोमीटर आलो आहोत गं,” हे म्हणाले. “खांदेश्वरला दारात असती तर पाच मिनिटांत सोडून आलो असतो.”

ह्यांच्या पँटच्या खिशात विसाराचे पन्नास हजार होते. मला त्या पैशांपेक्षा पडद्यांची आठवण येत होती, हे मी तेव्हा सांगितले नाही. डोलकाठीचा सगळा दाब त्याच जागी येतो, वरचा थर कापून आतले लाकूड काढावे लागेल, ते इथे कोण करणार, आणि तशीच मुंबईला न्यायची तर साडेपाचशेहून जास्त सागरी मैल उत्तरेकडे, दुपारचा वारा समोरून. पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा तेवढा साथ देणार, असे सगळे ह्यांनीच मला अंधारात समजावून सांगितले. जणू नौका मी घेणार होते आणि मला परावृत्त करायचे होते.

सकाळी पेला अर्धा भरला होता. चहाच्या वेळी हे त्या गृहस्थांना डेकवर घेऊन गेले आणि त्या जागी तीनदा ठोकले. थप, थप, थप. ते गृहस्थ खाली वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, चार लाख द्या. आम्ही गप्प. मग म्हणाले, तीन द्या; चांगल्या माणसांच्या हाती जावी एवढीच इच्छा. त्यांच्या पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. तीन लाख म्हणजे मुलीच्या ठेवीला हात लावायला नको. मी ह्यांच्याकडे पाहिले आणि खरे सांगते, त्या क्षणी हे ‘हो’ म्हणाले असते तर मी अडवले नसते.

“नाही जमणार,” हे म्हणाले. आवाज बसला होता, पण बोलले.

परतीची तिकिटे दुसऱ्या दिवसाची होती, म्हणून त्या दोघांनी आम्हाला जेवायला ठेवून घेतले. लाल भात, माशाचे कालवण. ज्यांचा सौदा मोडला त्यांच्याकडे जेवणे फार अवघड असते. त्यांना ते आमच्यापेक्षा चांगले जमले. निघताना बाईंनी निळ्या कापडाचा उरलेला तुकडा माझ्या हातात ठेवला.

खांदेश्वरला उतरलो तेव्हा सासूबाई दारात होत्या. “पाणी आलं?” एवढेच त्यांनी विचारले. मुलीने बाबांच्या हातून बॅग घेतली आणि उघडून पाहिली. तिला वाटले होते निदान एखादे शीड तरी आणतील.

हातोडी त्या बॅगेतच आहे. परवा कपाट आवरताना मी ती बाहेर काढू लागले तर हे म्हणाले, “राहू दे.” मग जरा थांबून, “नाताळात तुमच्या कॉलेजला सुट्टी किती तारखेपासून? चेन्नईच्या एका गृहस्थांचं पत्र आलंय.”