तुमचं दुकान लीग खेळतंय की नॉकआउट?



सीझनच्या भांडवलावरचा व्हिडिओ बघून येरमाळ्याच्या एका दुकानदार मित्राने विचारलं, "सर, येडेश्वरीच्या चैत्री जत्रेत एकदा गणित चुकलं की पुढचे कितीतरी महिने ते निस्तरत बसावं लागतं. पण रोजच्या दुकानात चार दिवस वाईट गेले तरी महिना निघून जातो. असं का?"

प्रश्न लाखमोलाचा आहे. त्याचं उत्तर मला कॉलेजच्या फुटबॉल टीमने दिलं. म्हणजे उत्तर तेव्हाच मिळालं होतं, कळलं मात्र धंद्यात पडल्यावर.

आमचा एका दुपारचा सीझन

आपल्या मराठवाड्यात कॉलेजचं फुटबॉल म्हणजे हौसेचा मामला. मी टीममध्ये डिफेंडर होतो. दोन महिने पहाटे उठून चिखलात सराव केला. मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची पहिलीच मॅच झाली शून्य-शून्य. टायब्रेकरमध्ये आमची एक किक बारवर आदळली आणि आम्ही बाहेर. संध्याकाळच्या एसटीने घरी.

बघा, आम्ही खेळताना एकही गोल खाल्ला नव्हता. तरी वर्ष संपलं. तिसऱ्या वर्षाला असलेल्या पोरांचं तर कॉलेजचं फुटबॉलच तिथं संपलं, कारण त्यांना पुढचा सीझन नव्हताच.

विद्यापीठाच्या स्पर्धांची रचना साधारण अशीच चाळणीसारखी असते. आधी कॉलेजं एकमेकांशी खेळतात. त्यातून खेळाडू निवडून विद्यापीठाचा संघ होतो. तो पश्चिम विभागात महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान अशा राज्यांतल्या विद्यापीठांशी भिडतो आणि तिथले पहिले ४ संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात. नॉकआउटमध्ये हरला की गाळला. कालची चांगली मॅच आज कामाला येत नाही.

लीगचा हिशोब वेगळा

आता कोल्हापूरला चला. तिथं पेठांचे आणि तालमींचे संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ अशी नावं तुम्ही ऐकली असतील. राजर्षी शाहू स्टेडियमवर केएसए लीग चालते. लीगमध्ये जिंकलात तर ३ गुण, बरोबरी झाली तर १, हरलात तर ०. एक मॅच हरली म्हणून कुणी घरी जात नाही. शेवटी बेरीज बघतात. लीग झाली की चषकांच्या बाद फेरीच्या स्पर्धा येतात, आणि त्याच खेळाडूंना वेगळ्या डोक्याने खेळावं लागतं.

लीग किती माफ करते याचं उदाहरण सांगतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०१५-१६ ला लेस्टर सिटी हा छोटा क्लब चॅम्पियन झाला. त्या सीझनमध्ये आर्सेनलने लेस्टरला दोन्ही वेळा हरवलं होतं, एकदा तर ५-२ असं. तरी ३८ मॅचनंतर लेस्टरचे गुण ८१ आणि दुसऱ्या नंबरवरच्या आर्सेनलचे ७१. हीच गाठ नॉकआउटमध्ये पडली असती तर लेस्टर पहिल्याच हरण्याला घरी गेला असता.

म्हणजे संघ तोच आणि खेळ तोच असतो, पण स्पर्धेची रचना बदलली की शहाणपणही बदलतं.

तुमच्या दुकानात हे कुठं आहे?

रोजचं गिऱ्हाईक ही लीग आहे. हायवेवरून येणारा प्रवासी, गावातलं किराण्याचं घर, बाजारादिवशी खेड्यातून येणारा माणूस, यांच्याशी तुम्ही वर्षभर खेळता. चैत्री पौर्णिमेची जत्रा मात्र नॉकआउट आहे. मोजके दिवस, गर्दी अफाट आणि उरलेला प्रसाद-पेढा पुढच्या वर्षी विकता येत नाही.

आपली चूक कुठं होते? आपण दोन्हीकडं उलटं खेळतो. रोजच्या दुकानात एक मंगळवार थंड गेला की घाबरून भाव पाडतो, दोन दिवसांत बोर्ड बदलतो. आणि जत्रेला मात्र "आई बघून घेईल" म्हणून उसने पैसे घेऊन माल भरतो. देवीवर श्रद्धा असावीच, पण मालाची यादी आपण करायची असते.

लीग कशी खेळायची

एक वही घ्या. समजा भाडं, लाईट, पगार, हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ३०,००० लागतात. म्हणजे मालाची किंमत वजा जाता रोज १,००० सुटले पाहिजेत. आता गुण द्या:

- १,५०० किंवा जास्त सुटले: ३ गुण
- १,००० ते १,५०० च्या मधे: १ गुण
- १,००० च्या खाली: ०

महिनाअखेर १२ दिवस जिंकलेले, १० बरोबरीचे, ८ हरलेले निघाले तर ४६ गुण झाले. पुढच्या महिन्याची लढत या ४६ शी. एका दिवसाकडं बघून रडायचं नाही. आणि एक लक्षात ठेवा, दोन बरोबऱ्यांचे गुण २ होतात, पण एक विजय आणि एक पराभव मिळून ३ होतात. म्हणून लीगमध्ये छोटे प्रयोग करायला घाबरू नका. नवीन वस्तू थोडीच आणून बघा. फसली तर एक दिवस गेला.

नॉकआउट कसा खेळायचा

इथं आधी गोल वाचवायचा. हे आकडे नीट बघा. समजा जत्रेसाठी ४०,००० चा माल घेतला, तो २५ टक्के चढवून विकायचा आहे. जागा, मंडप, मजुरी असा खर्च ५,००० आला.

- सगळा माल गेला: आले ५०,०००, गेले ४५,०००. नफा ५,०००.
- पाव माल उरला आणि खराब झाला: आले ३७,५००, गेले ४५,०००. तोटा ७,५००.
- तेवढाच उरला, पण घाऊकवाल्याने खरेदीच्या भावात परत घेतला: तोटा नाही, उलट नफा २,५००.

बघितलंत? विक्री तेवढीच आहे. फरक पडला तो फक्त माल घेताना केलेल्या बोलीचा. म्हणून जत्रेआधी तीन गोष्टी पक्क्या करा.

एक, नाशवंत माल कमी आणि टिकाऊ जास्त घ्या. जो परतीच्या बोलीवर मिळेल तो तसाच घ्या, थोडा महाग पडला तरी. दोन, सगळं बुडालं तरी पुढच्या महिन्याचं भाडं आणि हप्ता शाबूत राहील एवढेच पैसे लावा. हा तुमचा गोलकीपर. त्याला गोल सोडून पुढं पाठवायचं नाही. तीन, ऐनवेळची कामं आधीच वाटून द्या. गल्ल्यावर कोण, माल कोण देणार, गर्दीत मोबाईलची रेंज गेली आणि क्यूआर चालेना तर सुटे कुठं आहेत? आमची ती किक बारला लागली, कारण टायब्रेकरचा सराव आम्ही एकदाही केला नव्हता. किक कोण घेणार हेसुद्धा आम्ही मैदानात उभं राहून ठरवलं होतं.

या आठवड्याचं काम

वर्षाचं कॅलेंडर काढा. तुमच्या धंद्यातले नॉकआउटचे दिवस लाल पेनाने गोल करा: चैत्री जत्रा, श्रावणातली पौर्णिमा, नवरात्र, लग्नसराई, जे काही असेल ते. बाकीचे सगळे दिवस लीगचे. लाल गोलाच्या दोन महिने आधी घाऊकवाल्याशी परतीची बोली करायची, अशी खूण तिथंच करून ठेवा.

आमच्या टीमला हे सांगणारं कुणी नव्हतं. तुम्हाला मी सांगितलंय. आता वही उघडा!