वाकड्या जागेतला नेटका चौक

फ्रेंच सरदारांचा शहरी वाडा सहसा रस्त्याकडे पाठ फिरवतो : उंच भिंत, मोठा दरवाजा, आत चौक, मग घर आणि मागे बाग. पॅरिसच्या मारे भागातला ‘ओतेल द बोव्हे’ मात्र हा रिवाज मोडतो. राजमाता आनची खास दासी कातरीन बेलिए आणि तिचा नवरा पिएर बोव्हे यांच्यासाठी आंत्वान ल पोत्रने १६५०च्या दशकात तो बांधायला घेतला. जागा मध्ययुगीन तळघरांवरची, एकही बाजू धड सरळ नसलेली. ल पोत्रने आधी मधला चौक दोन्ही अंगांनी सारखा आखला आणि सगळा वाकडेपणा भिंतींच्या जाडीत, जिन्यांत, आडबाजूच्या खोल्यांत जिरवला. माझ्या मते या वास्तूचा खरा नायक ती मोकळी जागाच आहे.

कोणी म्हणेल, रस्त्यावर दुकाने काढणारे घर खानदानी कसले? आक्षेप रास्त आहे. भाड्याचा मोह असणारच. पण दुकानांच्या डोक्यावर मुख्य घर थेट रस्त्याला भिडले आणि त्याच्या सज्जाला मोल आले. २६ ऑगस्ट १६६० रोजी चौदावा लुई नववधूसह शहरात आला, तेव्हा ती मिरवणूक राजमातेने आणि कार्डिनल माझारँने इथूनच पाहिली. दरबारात नुकत्याच वर चढलेल्या कुटुंबाला भिंतीआड लपणे परवडणारे नव्हते. बागेचा हट्टही त्यांनी सोडला नाही. खाली जागा नव्हती, म्हणून ती पहिल्या मजल्यावर गच्चीत नेली.