कोपीतल्या मुलांची राखण



गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या आपल्या शिवारात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे दोघंही फडात, मग पोरं कुठं? थोरली बहीण शाळा सोडून धाकट्याला सांभाळते, नाहीतर तान्हं पाचटावरच निजतं. ऊस भरायला ट्रॅक्टर तिथंच मागं घेतात.

ही राखण एकट्या आईबापाच्यानं होत नाही, गावानं हात लावला पाहिजे. त्यासाठी :

१) मुकादमाकडून मुलांची यादी घेऊन शाळेत व अंगणवाडीत द्यावी. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे दाखल्यावाचून प्रवेश अडत नाही. वयाप्रमाणे वर्ग मिळतो.

२) तळावर एक कोपी लहानग्यांसाठी राखून टोळीतलीच एक बाई तिथं बसवावी. तिची मजुरी सर्वांनी मिळून सोसावी.

३) फडात मूल नाही हे पाहूनच वाहन हलवावे.

४) अठराच्या आत मुलीचं लग्न ठरत असेल किंवा मुलाचे हाल होत असतील, तर १०९८ वर कळवावे. फोन फुकट लागतो.

उसात तूट पडली की आपण वेळेवर नांग्या भरतो; उशिरा भरलेली नांगी वाढत नाही. मुलांच्या शाळेचंही तसंच आहे. म्हणून टोळी उतरेल त्याच आठवड्यात यादी करावी.

– ऊस विकास अधिकारी