कॉर्टिसॉलला आवर घालणारी गोळी

चेहरा एकाएकी गोल गरगरीत, पोट सुटलेले पण हातपाय बारीक, पोटावर रुंद जांभळे पट्टे, जरा धक्का लागला की काळेनिळे डाग, पाळी अनियमित. अशा बाईला घरोघरी एकच सल्ला मिळतो, "भात सोड, चालायला जा." पण मैत्रिणींनो, ही लक्षणे एकत्र दिसली तर दोष ताटाचाच असेल असे नाही, बरं का! हा कुशिंगचा आजार असू शकतो. अमेरिकन शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव.

हे होते कशाने?
दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या अधिवृक्क ग्रंथी असतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीच्या हुकमावरून त्या कॉर्टिसॉल तयार करतात. रक्तदाब व साखर सांभाळायला ते हवेच. पण यांपैकी एखाद्या ग्रंथीत गाठ झाली, की ते बेसुमार तयार होऊ लागते. पहिला उपाय शस्त्रक्रियेचा. ती शक्य नसेल किंवा पुरी पडली नाही, तर गोळ्या देतात.

गोळी काय करते?
कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉल पायरीपायरीने बनते. प्रत्येक पायरीवर एकेक एन्झाइम काम करते. २०२० साली युरोप-अमेरिकेत मान्यता मिळालेले ओसिलोड्रोस्टॅट शेवटच्या पायरीचे एन्झाइम अडवते. बुरशीवरचे जुने औषध केटोकोनॅझोल अनेक पायऱ्या अडवते. गाठ मात्र जागच्या जागीच राहते! म्हणून बरे वाटले तरी गोळी मनाने बंद करू नये.

काय जपावे?
केटोकोनॅझोल चालू असताना यकृताची तपासणी चुकवू नका. ॲसिडिटीची गोळी त्याच्याबरोबर घेऊ नका, औषध नीट शोषले जात नाही. ओसिलोड्रोस्टॅटने रक्तातले पोटॅशियम उतरू शकते, चेहऱ्यावर लव वाढू शकते. त्यासाठी रक्ताच्या तपासण्या आणि हृदयाचा आलेख काढतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कॉर्टिसॉल फार उतरले तर तेही जिवावर बेतते. गळून जाणे, उलट्या, उभे राहताच चक्कर, असे झाले तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आणि हो, दमा किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ स्टिरॉइड घेतल्यानेही चेहरा असाच सुजतो. तिथे या गोळ्यांचे काम नाही. स्टिरॉइडही एकदम सोडायचे नसते, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायचे. तपासणीला जाताना घेत असलेल्या सगळ्या गोळ्या, मलमे, पुड्या पिशवीत घालून न्या. त्यावरून डॉक्टरांना निदान करणे सोपे जाते.