बंदीच्या दिवसांत जेटीवरच्या कुत्र्यांसाठी तारली-नाचणीची बिस्किटे

१ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद. जेटीवर बर्फ फुटत नाही, टोपल्या उतरत नाहीत, आणि दहा महिने ज्यांचं पोट आपल्या उरल्यासुरल्यावर चालतं ती कुत्री एकदम उपाशी पडतात. आपल्या घरात बंदीची तजवीज असते. डब्यात तांदूळ असतो, माळ्यावर सुकं असतं. कुत्र्याला कॅलेंडर कळत नाही, तो पहाटे नेहमीच्या वेळी धक्क्यावर येऊन बसतो. वर ओढलेल्या होड्यांची आणि जाळ्यांची रखवाली मात्र तोच करतो, अगदी फुकट.

मग आपण काय करतो? जाता-येता ग्लुकोज बिस्किटांचा पुडा फोडतो, नाहीतर खारवलेल्या बांगड्याचं डोकं टाकतो. देतो मायेनंच, पण दोन्ही त्याच्या कामाचं नाही. पुड्यात मैदा आणि साखर. खारवलेल्या माशात मीठ इतकं की कुत्रा पाणी पीत सुटतो, आणि मीठ फारच गेलं तर उलट्या, झटके इथपर्यंत वेळ येते. रात्रभर भिजत घातलं तरी ते मीठ पूर्ण जात नाही, हे सुक्याचं कालवण करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

घरी करायला सोपं आणि स्वस्त असं कुत्र्याचं बिस्कीट आपल्याच जिनसांतून होतं. तसं बघितलं तर या बिस्किटाचा जन्मच धक्क्यावरचा. पूर्वी लांबच्या सफरीला निघालेल्या गलबतांवर पीठ-पाण्याची, दगडासारखी कडक भाजलेली बिस्किटं असायची. जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन इंग्लंडला गेला होता. तिथल्या गोदीत खलाशांनी टाकलेली ही बिस्किटं कुत्री चघळताना त्यानं पाहिली आणि १८६० च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांसाठी खास बिस्किटं काढली, असं सांगतात. आज दुकानात महागड्या पाकिटातून मिळतात ती याच वंशातली.

आता कृती. अर्धा किलो तारली घ्या. बंदीआधी फ्रीजरमध्ये ठेवलेली चालेल. डोकं आणि पोटातलं काढून साध्या पाण्यात पंधरा मिनिटं उकडा. मीठ नाही, हळद नाही, कोकमही नाही. गार झाल्यावर मधला काटा आणि हाताला लागतील ते बारीक काटे काढून मास कुस्करा. त्यात दोन वाट्या नाचणीचं पीठ, एक वाटी तांदळाचं पीठ, अर्धी वाटी उकडलेला लाल भोपळा आणि एक अंडं. मळताना पाणी लागलं तर तारली उकडलेलंच पाणी चमचा चमचा घाला. भाकरीच्या पिठाएवढं घट्ट झालं की थापून सुरीनं बोटाच्या पेराएवढे तुकडे पाडा. साचे वगैरे नकोत, कुत्रा आकार बघत नाही.

ओव्हन असेल तर १६० अंशांवर अर्धा तास, मग आच १०० वर आणून आणखी तासभर सुकवा. ओव्हन नसेल तर जुना कुकर काढा. शिट्टी आणि रबर काढायचं, तळाला वाळूचा थर, वर ताटली, मंद आचेवर पाऊण तास, मधे एकदा उलटायचं. आणि पोदेराशी ओळख असेल तर सगळ्यात बरं. सकाळचे पाव निघाल्यावर त्याच्या भट्टीत जी धग उरते, ती बिस्किटं खडखडीत सुकवायला पुरेशी असते. फक्त त्याचं आंबवलेलं कच्चं पीठ कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. ते पोटात फुगतं आणि दारू चढल्यासारखी अवस्था होते.

तारली नसेल तर मीठ न लावता वाळवलेला जवळा घ्या. वाळू जाईपर्यंत धुवायचा, वरच्या मापाला एक मूठ पुरे. बांगडाही चालतो, पण इथे आपलं रोजचं ज्ञान वापरा. बर्फाबाहेर राहिलेल्या बांगड्यात जे विष तयार होतं ते उकडून जात नाही. ‘माणसाला नको, कुत्र्याला टाक’ हा हिशोब चुकीचा. मोरी, गेदर अशा मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, ते रोज देऊ नका. आणि केंड! जाळ्यातून निघालेला केंड वाळूवर फेकून देतात, तेवढं तरी बंद करा. त्याचं विष शिजवूनही उतरत नाही, कुत्रा मरू शकतो.

पिठात चवीसाठी काही घालायचा मोह होतोच. कांदा-लसूण नको, त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका आणि द्राक्षं नकोत, मूत्रपिंडावर जातात. चॉकलेट नको. शुगर-फ्री म्हणून मिळणाऱ्या काही वस्तूंत झायलिटॉल असतं, त्यानं कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम खाली येते आणि यकृत निकामी होऊ शकतं. गूळ विष नाही, पण गरजही नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, हा खाऊ आहे, जेवण नाही. पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला दिवसाला साधारण ८०० ते ९०० कॅलरी लागतात आणि खाऊ त्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त असू नये. म्हणजे पाच ग्रॅमचे चार-पाच तुकडे, संपलं. पोट भरायला मऊ भात आणि काटे काढलेला उकडलेला मासाच हवा. वाड्यावरच्या चार-पाच घरांनी दिवस वाटून घेतले तर कुणालाच जड होत नाही.

मग एवढा खटाटोप कशाला? कारण बिस्किटानं कुत्रा हाताशी येतो. गोवा २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं, ते वर्षानुवर्षं दारोदार फिरून कुत्र्यांना लस टोचल्यामुळे. पण ती लस दरवर्षी टोचावी लागते. आणि बंदीत भुकेलेला, बिथरलेला कुत्रा अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाही. त्याच्यामागे जाळं घेऊन धावावं लागतं. रोज त्याच वेळी, त्याच हाकेनं, त्याच हातून तुकडा मिळत असेल तर लसवाले आल्यावर घरातलं पोरसुद्धा त्याला बोलावून आणील. मोठं माणूस सोबत हवंच. जंताची गोळी द्यायची असेल तर बिस्किटाऐवजी उकडलेल्या माशाच्या गोळ्यात लपवा, कडक बिस्किटातून ती बाहेर पडते.

राहिला साठवणीचा प्रश्न. तारली तेलकट, आणि हवा जुलैची. बिस्कीट बोटानं मोडल्यावर कट्ट आवाज आला पाहिजे, वाकलं तर परत सुकवा. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेर आठवडाभर, त्यापुढचं फ्रीजरमध्ये. खवट वास आला किंवा एका तुकड्यावर जरी बुरशी दिसली तरी सगळा डबा रिकामा करा, आणि तो उकिरड्यावर नको, मातीत पुरा. नाहीतर रात्री तीच कुत्री तो उकरून खातात.