तिऱ्हाईत भूमिका (गुप्तपक्षी खेळांतील)

खेळाडूंचे पक्ष गुप्त ठेवून संभाषण, तर्क व मतदान यांच्या साहाय्याने ते उघडकीस आणावयाचे, अशा बैठ्या खेळांत दोन्ही प्रमुख पक्षांपासून अलग असलेल्या आणि विजयाची स्वतंत्र अट असलेल्या भूमिकेस ‘तिऱ्हाईत भूमिका’ म्हणतात. मराठीत तिऱ्हाईत या शब्दाला निःपक्षपातीपणाची छटा आहे. ती येथे अभिप्रेत नाही. या खेळांतील तिऱ्हाईत क्वचितच तटस्थ असतो. त्याला एकतर दोन्ही पक्षांचा पराभव हवा असतो, किंवा आपला कार्यभाग साधल्यानंतर कोण जिंकले याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

या खेळांचा आधुनिक प्रकार म्हणजे ‘माफिया’ हा होय. मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात दिमित्री दाविदोव यांनी तो १९८६-८७ च्या सुमारास रचला. खेळाडूंपैकी थोडे माफिया आणि उरलेले नागरिक असतात. माफियांना एकमेकांची ओळख असते, नागरिकांना कोणाचीच नसते. सूत्रधाराने रात्र जाहीर केली, की सर्वजण डोळे मिटतात व माफिया खुणेने एका नागरिकाचा बळी घेतात. दिवस उजाडल्यावर सर्वजण चर्चा करून बहुमताने एका संशयितास फाशी देतात. सर्व माफिया नाहीसे झाले तर नागरिक जिंकतात. माफियांची संख्या उरलेल्या नागरिकांइतकी झाली, तर माफिया जिंकतात. अमेरिकेतील अँड्रू प्लॉटकिन यांनी १९९७ मध्ये या खेळाला खेडे आणि वृकमानव (रात्री लांडगा होणारा मनुष्य) यांचे रूप दिले व तेच पुढे अधिक रुळले. महाराष्ट्रात मुले चिठ्ठ्या टाकून जो राजा-राणी-चोर-शिपाई हा खेळ खेळतात, त्यातही भूमिका गुप्त असतात. परंतु तेथे एकानेच चोर ओळखावयाचा असतो, सामुदायिक मतदान नसते.

मूळ माफियात एका पक्षाचा लाभ ती दुसऱ्याची हानी, असा सरळ हिशेब आहे. त्यामुळे कोणाच्याही बोलण्याचा हेतू शोधताना दोनच शक्यता पडताळाव्या लागतात. जो स्वतःच्या फाशीची वाट मोकळी करतो तो मूर्ख असेल, पण कपटी नसेल, हा निष्कर्ष तेथे बहुधा बरोबर ठरतो. तिऱ्हाईत भूमिका नेमका हाच निष्कर्ष मोडते. वृकमानवाच्या काही प्रकारांत ‘टॅनर’ (चामडे कमावणारा) ही भूमिका आढळते. आपल्या धंद्याला तो इतका विटलेला असतो, की त्याला मरण हवे असते व गावकऱ्यांनी फाशी दिली तरच तो जिंकतो. ‘वन नाइट अल्टिमेट वेअरवुल्फ’ (२०१४) या एकाच रात्रीच्या खेळात तर टॅनरचा बळी गेल्यास वृकमानवांचाही विजय हुकतो. अशा भूमिकेचा खरा परिणाम ती ज्याच्याकडे असते त्याच्यापुरता राहत नाही. टॅनर खेळात आहे एवढे ठाऊक झाले, की पकडला गेलेला वृकमानवही मुद्दाम बावळटपणे खोटे बोलू लागतो. त्याला फाशी द्यावी की न द्यावी, अशा संभ्रमात गावकरी पडतात. ‘टाउन ऑफ सेलेम’ (२०१४) या संगणकीय खेळातील विदूषकाची अटही हीच असून, फाशी गेल्यावर तो आपल्याविरुद्ध मत देणाऱ्यांपैकी एकास सूडापोटी ठार करू शकतो. त्याच खेळातील फाशीगराला एक ठराविक निरपराध खेळाडू फासावर चढवावयाचा असतो. तो खेळाडू अन्य कारणाने मेला, तर फाशीगराचा विदूषक होतो.

एकट्यानेच शेवटपर्यंत उरावयाचे, ही तिऱ्हाईताची दुसरी आणि अधिक अवघड अट होय. तिचे उत्कृष्ट उदाहरण ‘बँग!’ या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटालियन पत्त्यांच्या खेळात सापडते. एमिलियानो शारा यांनी रचलेल्या या खेळात ४ ते ७ खेळाडू असतात. शेरीफ उघड असतो. त्याचे साहाय्यक, दरोडेखोर आणि एक फितूर हे गुप्त असतात. शेरीफ मरण पावताच डाव संपतो. त्या क्षणी फितूर एकटाच जिवंत असेल, तर तो जिंकतो. अन्य कोणीही जिवंत असेल, तर विजय दरोडेखोरांचा मानला जातो, मग ते सर्व आधीच ठार झालेले का असेनात. त्यामुळे ज्याला अखेरीस शेरीफचा जीव घ्यावयाचा आहे, त्यालाच डावाच्या पूर्वार्धात शेरीफचे प्राण वाचवावे लागतात. तो साहाय्यकासारखा वागतो, दरोडेखोरांवर गोळ्या झाडतो, आणि त्यांचे बळ ओसरल्यावर साहाय्यकांचा काटा काढतो. पाच खेळाडूंच्या डावात एक साहाय्यक व एक फितूर असे दोघे सारख्याच निष्ठेने शेरीफभोवती उभे असतात. संशयाने शेरीफने साहाय्यकालाच मारले, तर त्याला आपले सर्व पत्ते गमवावे लागतात. चार खेळाडूंच्या डावात मात्र साहाय्यक नसतोच. शेरीफच्या मदतीला धावणारा तो फितूर, हे तेव्हाच कळून चुकते आणि या भूमिकेतील बरीचशी गंमत निघून जाते.

कधीकधी तिसरा पक्ष आरंभी नसतो, डावाच्या ओघात उत्पन्न होतो. फिलिप दे पालियेर व एर्व्हे मार्ली यांच्या २००१ मधील फ्रेंच वृकमानव-खेळात क्यूपिड पहिल्या रात्री दोन प्रेमिक ठरवितो. एकाचा मृत्यू झाला, तर दुसराही विरहाने मरतो. त्यांतील एक वृकमानव आणि दुसरा गावकरी निघाला, तर दोघांचेही मूळ पक्ष सुटतात आणि इतर सर्वांचा अंत झाला तरच ते जिंकतात. याच खेळाच्या पुरवण्यांत पावा वाजवून हळूहळू सर्वांना मोहित करणारा आणि आपल्याच कळपातील वृकमानवांना मारणारा श्वेत वृकमानव अशाही भूमिका आहेत.

तिऱ्हाईतामुळे खेळाचा समतोल मात्र बिघडतो. मार्क ब्रेव्हरमन, ओमिद एतेसामी व एल्हानान मोसेल यांनी २००८ मध्ये माफियाचे गणिती विश्लेषण प्रसिद्ध केले. गुप्तहेर नसल्यास दोन्ही पक्षांना तुल्य संधी मिळण्यासाठी माफियांची संख्या एकूण खेळाडूंच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असावी लागते, असे त्यांनी दाखविले. हा हिशेब दोन पक्षांचा आहे. साध्या उदाहरणानेही तिसऱ्याचा भार ध्यानात येतो : ७ जणांत २ माफिया असताना अंदाजाने दिलेली पहिली फाशी अचूक ठरण्याचा संभव २/७ असतो. नागरिकांपैकी एकाच्या जागी मरणेच्छू तिऱ्हाईत आणला, तर तो संभव तेवढाच राहतो, परंतु १/७ संभव असा निर्माण होतो, की पहिल्याच फाशीने डाव त्याच्या पदरात पडावा. म्हणून टॅनरच्या मृत्यूनंतर डाव थांबवावा की पुढे चालू ठेवावा, हे सूत्रधाराने आधीच जाहीर करणे आवश्यक असते.

याहून गंभीर आक्षेप केवळ तगून राहण्याची अट असलेल्या भूमिकेवर घेता येतो. शेवटी एक माफिया, एक नागरिक आणि एक तगून राहणारा असे तिघे उरले, तर निर्णायक मत त्या तिसऱ्याचे असते. दोघांपैकी कोणीही जिंकले तरी तो जिंकणारच. आधीच्या सर्व तर्कवितर्कांचे फळ मग त्याच्या मर्जीवर अवलंबून राहते. एकाकी मारेकरी वा विदूषक उपद्रवी असले, तरी त्यांच्या वागण्याचा माग काढता येतो, कारण त्यांना निश्चित असे काही हवे असते. तगून राहणाऱ्याच्या बाबतीत तर्काला तेवढाही आधार नसतो.

स्टीव्हन मेडवे यांच्या ‘ब्लड ऑन द क्लॉकटॉवर’ (२०२२) या खेळात मूळ रचना सज्जन व दुर्जन अशा दोनच पक्षांची ठेवली आहे. त्यातील ‘बाहेरचे’ म्हणून ओळखले जाणारे खेळाडू सज्जनांच्याच पक्षात असतात, परंतु त्यांच्या अंगच्या गुणाने स्वपक्षाचीच हानी होते. उदा., संतास फाशी दिली गेल्यास सज्जनांचा तत्काळ पराभव होतो. विदूषकामुळे फाशीविषयी जी धास्ती निर्माण होते तीच येथे साधते, मात्र संताला स्वतःला फाशी नको असते; आणि आपण संत आहोत हे त्याने कितीही कळवळून सांगितले, तरी हेच सांगणारा दुर्जनही त्याच्या शेजारी बसलेला असू शकतो.